कपलरचा हिवाळा

पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं सणकतं. काल भाजीवालीने शेंगा पिशवीत ओतल्या, वर पोपटीच्या मडक्यात शेंगांबरोबर घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी ठेवली आणि म्हणाली, "पोपटी लावा, काकू. यंदा दाणा चांगला भरलाय." तिचा काही दोष नव्हता. पण तो उग्र हिरवा वास नाकात गेला आणि त्याच्या पाठोपाठ, कुणी न बोलावता, जळक्या प्लास्टिकचा वास आला. हे दोन्ही वास माझ्या डोक्यात एकाच हिवाळ्यात शिरले आणि तेव्हापासून एकमेकांना सोडायला तयार नाहीत. मी शेंगा घेतल्या, जुडी परत केली. घरी येईपर्यंत मी कुणावर तरी चिडलेली होते. कुणावर, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तो हिवाळा आमच्या घरात कपलर शोधण्यात गेला.

कपलर म्हणजे काय ते तोवर मलाही ठाऊक नव्हतं. गाडीच्या पोटातून वायरींचे झुबके जातात. एक झुबका संपून दुसरा सुरू होतो तिथे प्लास्टिकची एक डबी असते, काडेपेटीएवढी, दोन भागांची. एका भागात पितळेच्या पिना, दुसऱ्यात त्या पिना शिरतील अशी घरं. दाबली की टक् आवाज करून बसते, खटका दाबून ओढली की सुटते. एवढीच वस्तू. दुकानात मागताना 'मेल पाहिजे का फिमेल' असं विचारतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी काउंटरकडे पाठ फिरवून उभी राहिले होते. हिवाळा संपेपर्यंत भर बाजारात "फिमेल दाखवा हो, सहा पिनांची" असं मोठ्याने म्हणायला लागले.

आमची जीप जपानी. म्हणजे कंपनी पुढे इथलीच झाली, पण अगदी सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या आणि इथे नुसत्या जोडल्या गेल्या. आमची त्यातली. माझ्या नवऱ्याने ती एका जंगल कंत्राटदाराकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. आमचं गाव पेणहून खाडीकडे उतरलं की लागतं, खारेपाटात. तेव्हा गावात यायला धड रस्ता नव्हता, बांधावरून यावं लागे. पावसाळ्यात त्या बांधावर बैलगाडी रुतायची, पण ही जीप चारही चाकांनी चिखल ओरबाडत यायची. गावातल्या किती बाळंतिणी तिच्यातून पेणला गेल्या आणि मांडीवर बाळ घेऊन तिच्यातूनच परत आल्या. हे डोलवीला कंपनीत कंत्राटावर इलेक्ट्रिशियन होते. शिफ्ट संपली की घरी येऊन चहाच्या आधी जीपचं बॉनेट उघडायचे. मी बॉनेटवर कधी हात ठेवला तर म्हणायचे, "बोटांचे डाग पडतात."

गणपतीच्या आधी यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय हळूहळू आला, काठी टेकत का होईना, पण हात आला नाही. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. त्या हिवाळ्यात मी कित्येकदा त्या नशिबाचा विचार केला.

गाडी सगळा पाऊस शेडमध्ये उभी होती. खारेपाटातली हवा लोखंडाला सोडत नाही, पितळेला तर नाहीच. दिवाळीत निखिल, आमचा मुलगा, पुण्याहून आला. त्याने बॅटरी चार्ज करून आणली, किल्ली फिरवली. इंजिन खोकत खोकत लागलं. हे खुर्चीवर बसून बघत होते. चेहरा असा की जणू नातवंड पहिलं पाऊल टाकतंय. मग निखिलने दिवे लावले, आणि डॅशबोर्डच्या खालून बारीक पांढरा धूर निघाला.

"बाबा, बस झालं आता," निखिल खाली उतरून म्हणाला. "होळीनंतर पासिंगची मुदत संपते. हिला पुन्हा पास कोण करणार? आणि चालवणार कोण?"

हे म्हणाले, "कपलर गेलेत. बदलले की झालं."

बदलले की झालं! एवढ्या सोप्या वाक्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

निखिलची सुट्टी संपली, तो गेला. मागे राहिले आम्ही दोघं आणि पाच कपलर. चार कुजलेले, आतल्या पिना शेवाळासारख्या हिरव्या झालेल्या. आणि एक जळलेला, दिव्यांच्या स्विचचा, वितळून एका बाजूला तोंड वाकडं केलेला. ते पाचही मी काढले. म्हणजे यांनी सांगितलं आणि मी काढले. पायांकडून डॅशखाली शिरून, पाठ मोडून, डोळ्यांत माती घेऊन. मी ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवायला आजही चष्मा लागत नाही, म्हणून बारीक कामाची मला भीती नव्हती. भीती होती ती बाहेरून येणाऱ्या आवाजाची.

"खटका दाब."

"दाबलाय."

"दाबला असतास तर सुटला असता. अगो खालून, खालून. वरून नको!"

"खाली हात पोचत नाय माझा!"

"माझा पोचायचा."

मी त्या अंधाऱ्या जागेत तशीच थोडा वेळ पडून राहिले, तोंडावर लोंबणाऱ्या वायरी बघत.

मग बाजार सुरू झाला. एका छोट्या डब्यात ते पाच तुकडे घालून मी पेणमधली दुकानं पालथी घातली. दुकानदार डबा बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचे.

"कुठल्या गाडीचा?"

मी सांगायची.

"नवीन मॉडेलचा देऊ?"

"नवीन बसत नाही. जुन्याची पिन रुंद आहे."

"मिस्टरांना पाठवा ना, वहिनी. त्यांना कळेल."

"मिस्टरांनीच पाठवलंय."

आणि शेवटी, प्रत्येक दुकानात, अगदी ठरल्यासारखं, "एवढ्या भानगडी कशाला? कापा आणि डायरेक्ट करून टाका."

डायरेक्ट म्हणजे कपलर फेकून द्यायचा, वायरीला वायर पिळायची आणि वरून काळी टेप गुंडाळायची. सगळ्यांचं उत्तर तेच. पेणच्या दुकानात तेच, नाक्यावरच्या गॅरेजमध्ये तेच. आमच्या गावात पंप दुरुस्त करणारा माझ्या घरी चहा पिऊन तेच सांगून गेला. मी घरी येऊन ते सांगितलं की हे असे भडकायचे की डाव्या हातातला कप हिंदकळायचा.

"डायरेक्ट! डायरेक्ट म्हणजे आज उजेड आणि उद्या जाळ. कंपनीत डायरेक्ट करणाऱ्याला मी उभा नाय केला कधी. जोड उघडता आला पाहिजे. उघडताच नाय आला तर बिघाड कुठं हाय ते कळणार कसं?"

"मग आणू कुठून मी?"

"भेटेल. शोधलं की भेटतं."

शोधलं की. शोधणारी मी. मी एखादा कपलर आणायची, हे तो डाव्या तळहातावर घ्यायचे, नखाने पिनेचं घर चाचपायचे आणि कॉटवर टाकून द्यायचे. "हा नाय." पुढच्या खेपेचा, "हा पण नाय." पापडाचा तुकडा खराब निघावा तसं. एकदा मी म्हटलं, निदान हातात घेऊन नीट बघा तरी. म्हणाले, "बघितला. आंधळा नाय मी."

आता मागे वळून बघते तर वाटतं, त्या दिवसांत आमच्या घरी कपलर सोडून दुसरं बोलणंच नव्हतं. यांचा हात, औषधं, निखिलचं लग्न, गळणारं छप्पर, कशाचाच विषय निघत नव्हता. मालिश करायला बसले, तेलाने तो निर्जीव हात चोळायला लागले, की हे छताकडे बघत म्हणायचे, "त्या स्विचच्या कपलरला खाली दोन घरं रिकामी असतात, लक्षात ठेव." मी बोटं एकेक करून ओढत राहायची आणि मनात म्हणायची, नाही ठेवत लक्षात, जा.

पण राहायचं लक्षात. तेच तर.

नेटवर सापडेल असं निखिल म्हणाला. त्याने फोटो मागवले, कुठेतरी शोधलं, एक पाकीट आलं. कपलर पांढरा शुभ्र, घरं तेवढीच, खटका तसाच. मी उडालेच. यांना दाखवला तर पहिल्यांदाच "हा" म्हणाले. मी डॅशखाली शिरले, जुनी पिन त्यात घालायला गेले आणि ती जाईना. केसभर फरक होता. पिन रुंद, घर अरुंद. बाहेरून जुळी भावंडं आणि आत हे. मी बाहेर आले, कपलर शेडच्या भिंतीवर भिरकावला. तो फुटलाही नाही. चांगल्या प्लास्टिकचा होता.

रोह्याला माझी धाकटी बहीण असते, कुंदा. तिने फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ताय, इकडे ये. इथे नजीरभाई म्हणून जुने इलेक्ट्रिशियन हायेत, भावोजींसारखेच खडूस. त्यांना दाखवू. आणि रविवारी पोपटी लावतोय, तेवढीच खाऊन जा." शेजारणीला यांच्या जेवणाचं सांगून मी सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. खिडकीबाहेर कापलेली भातशेतं, त्यांत वालाची हिरवी चादर, बांधावर धुकं. किती दिवसांनी मी एकटी कुठे निघाले होते. बाहेर बघायचं सोडून मी डबा उघडून पुन्हा तेच पाच तुकडे मोजत बसले.

नजीरभाईंनी डब्यातला जळका तुकडा उचलला, चष्मा वर केला. "अरे, ही तर असली जपानी. पहिल्या लॉटची." मला वाटलं, आला, देव आला. पण त्यांनी तुकडा परत डब्यात ठेवला. "माझ्याकडे नाय भेटणार. कुणाकडेच नाय. पण खांब गावात, हायवेला भंगारवाला हाय ना, त्याच्याकडे असल्याच एका गाडीचा सांगाडा पडून होता. बघा, असला तर."

"नाहीतर डायरेक्ट?" मी विचारलं.

"मी तेच सांगणार होतो," ते हसत म्हणाले.

कुंदा आणि मी रिक्षाने खांबला गेलो. हायवेवरची धूळ, ट्रकांचे हॉर्न. भंगाराच्या अंगणात पंखे, टाक्या, बसच्या सीटा आणि कोपऱ्यात खरोखरच आमच्या जीपचा भाऊ. चाकं नाहीत, काचा नाहीत, बॉनेट नाही, खिडकीतून वेल आत गेलेला. आमची गाडी अशी दिसेल, निखिल म्हणतो तसं केलं तर.

मालक गादीवरून न उठताच म्हणाला, "वायरिंग? मागच्याच आठवड्यात जाळलं, मावशी. तांबं काढायला." त्याने हनुवटीने दाखवलं. मागे जमिनीवर काळा गोल डाग होता आणि त्यात वितळून पुन्हा थिजलेल्या प्लास्टिकच्या गुठळ्या.

मी त्या डागाजवळ जाऊन उकिडवी बसले. मागचा आठवडा! मागच्या आठवड्यात मी नेटवरच्या पाकिटाची वाट बघत घरात बसले होते. त्या गुठळ्यांतली एक मी उचललीसुद्धा. तिच्यावर अजून खटक्याचा आकार दिसत होता.

मालकाला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, "आत डॅशमागं, मागच्या दिव्यांकडं काय राहिलं असलं तर बघा. आम्ही नाय घुसलो तिकडं, गांधीलमाशा हायेत."

"ताय, नको गो," कुंदा म्हणाली. "सोड ना आता."

मी पदर डोक्याला घट्ट गुंडाळला आणि आत शिरले. माश्यांचं घर छताच्या कोपऱ्यात होतं, मातीच्या रंगाचं, आणि त्याच्यातून झोपेत कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी श्वास धरून डॅशखाली हात घातला. अंधारात बोटांना जागा माहीत होती. यांनी महिनाभर ओरडून ओरडून पाठ करून घेतली होती ती जागा. खटका खालून दाबला. टक्. एक. मागच्या दिव्यांकडे आणखी तीन. स्विचकडे गेले तर तिथे नुसती कापलेली टोकं. स्विचच कुणीतरी कधीचा काढून नेला होता, कपलरसकट.

संध्याकाळी रोह्याच्या शेतात पोपटी लावली. मडक्याला खालून वर जाळ, भोवती कुंदाच्या घरची माणसं, शेकोटीने लाल झालेले चेहरे, मडकं उपडं केल्यावर निघालेली वाफ आणि शेंगांचा नि भांबुर्ड्याचा तो खारट, ओव्याचा वास. कुंदाने माझ्या पानात ढीगभर शेंगा वाढल्या. मी एक सोलली, दाणा तोंडाजवळ नेला. माझ्या बोटांना जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. साबण लावून, राख लावून धुतले होते हात. तरी तो दाणा मी खाऊ शकले नाही. म्हटलं, गाडी चुकेल, निघते.

घरी पोचले तेव्हा हे दारातच होते. मी डबा उघडून पुढे केला. चार कपलर, खरेखुरे, पुसून स्वच्छ केलेले. यांनी एकेक उचलला, दिव्याकडे धरून बघितला. तोंडावर काही दिसलं नाही.

"आणि स्विचचा?"

"नव्हता."

"नीट बघितलंस?"

मग माझा तोल गेला. "नीट बघितलं? गांधीलमाश्यांच्या पोळ्याखाली हात घातला मी! पदर गुंडाळून भंगारात घुसले, कुंदाच्या सासरच्यांसमोर काळे हात घेऊन बसले, दाणा नाय गेला घशाखाली, आणि तुम्ही स्विचचा विचारताय?"

यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "चावली का?"

"काय?"

"माशी."

"नाय चावली."

"मग ओरडतेस कशाला?"

मी आत निघून गेले. हे खोटं वाटेल, पण आजही तो संवाद आठवला की मला तेव्हाइतकाच राग येतो. हल्ली यांचा हात थोडा सुधारलाय, पेला धरता येतो, सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. रोज सकाळी मी समोर उभी राहून बटणं लावते. कधी तरी मध्येच ते 'चावली का' आठवतं आणि शेवटचं बटण मी जरा जास्तच ओढून लावते.

चार कपलर बसवायला सुरुवात झाली. जुन्या कपलरातून पिन काढायची तर तिची बारीक जीभ आत दाबावी लागते. यांच्या हत्यारांच्या पेटीत त्यासाठी कसलासा चिमटा होता, तो मला जमेना. मी गोधडीची मोठी सुई घेतली. ती बरोबर जायची. पाना-पकडीच्या पेटीत सुई बघून यांनी नाक मुरडलं. दुपारचं ऊन शेडमध्ये यायचं, तेव्हा आम्ही बसायचो. हे खुर्चीवर, मी गोणपाटावर, मधे वायरींचा गुंता. भांडण रंगांवरून व्हायचं.

"निळी, लाल पट्ट्याची."

"मोरपंखी म्हणताय का?"

"निळी!"

"ही निळी नाय, मोरपंखी हाय. निळी ही बघा, ही."

आयुष्यभर मी ब्लाउजला मॅचिंग दोरे लावत आले आहे. मला रंग शिकवतात. वाद व्हायचा, वायर उलटी लागायची, पुन्हा काढायची. कधी उजवीकडचा इंडिकेटर लावला की वायपर फिरायचा. हे कपाळावर हात मारायचे आणि मी सुई टाकून उठून जायची. विहिरीपर्यंत जाऊन परत यायची. दुसरं जाणार कुठे? पण चारही बसले. इंडिकेटर लागले, मागचे दिवे लागले, ब्रेकचा लाल उजेड शेडच्या भिंतीवर पडला.

राहिला स्विचचा. त्याच्याशिवाय पुढचे दिवे नाहीत, आणि पुढच्या दिव्यांशिवाय पासिंग नाही. मी आणखी हिंडले. अलिबागच्या एका दुकानात फोन केला. नजीरभाईंनी त्यांच्या ओळखीत विचारलं. निखिलने आणखी एक पाकीट पाठवलं. त्यातला कपलर मुळातच निराळा होता. वालाच्या शेंगा निबर व्हायला लागल्या, बाजारात त्यांची जागा सोललेल्या वालांनी घेतली. शेतं पिवळी पडली. होळीची लाकडं गावात गोळा व्हायला लागली.

एका दुपारी मी पिशवी भरत म्हटलं, "उद्या मुंबईला जाते. जुन्या सामानाचा बाजार असतो म्हणतात, तिथे बघते."

हे खुर्चीवर बसून शेडकडे बघत होते. मग म्हणाले, "नको जाऊ. काप."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय कापू?"

"स्विचचा. काप नि डायरेक्ट कर."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या शब्दासाठी कपातला चहा सांडला, ज्याच्यापायी मी भंगारात शिरले, तोच शब्द आता हे, 'जरा पाणी दे' म्हणावं तसा, मला सांगत होते.

"मी नाय कापणार," मी म्हटलं. "जोड उघडता आला पाहिजे ना? कंपनीत असल्या माणसाला उभं नाय करत ना? पहिल्याच दिवशी म्हणाला असतात तर माझा हिवाळा वाचला असता!"

"पहिल्या दिवशी वाटत होतं, भेटेल."

"आणि नाही भेटणार हे कळायला एवढे दिवस लागले?"

हे डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून बसले होते. ते तसे नेहमीच बसायचे, मी लक्ष देत नसे. मान खाली घालून म्हणाले, "मला वाटत होतं, कपलर भेटेपर्यंत हात येईल."

खाडीकडून वारा येत होता. शेजारी कुणीतरी पापड वाळत घालत होतं, बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. मी हातातली पिशवी खुंटीला अडकवली. राग आला; एवढं मनात ठेवून हा माणूस महिनोन्महिने मला पिनांची रुंदी सांगत होता.

मी कात्री, म्हणजे वायर कापायची पक्कड, घेऊन शेडमध्ये गेले. हे काठी टेकत मागून आले.

"सगळ्या एका ठिकाणी कापू नको," ते म्हणाले. "एक आखूड, एक लांब, पायरीपायरीने. म्हणजे जोड एकाला एक लागणार नायत. प्रत्येकाला वेगळी नळी घाल. कस्पटसुद्धा उघडं नको."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. प्रत्येक वायर सोलली, पिळली, कथील लावलं, आधीच ओवून ठेवलेली नळी जोडावर सरकवून, ती आवळेपर्यंत गरम केली. त्या दिवशी हे ओरडले नाहीत. मी सगळ्यात जास्त घाबरले ती त्याच गोष्टीला. शेवटी किल्ली फिरवून दिवे लावले. पुढच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले. आम्ही धुराची वाट बघत थांबलो. धूर आला नाही. हे बॉनेटपाशी वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "ठीक हाय." आनंदाचं म्हणाल तर एवढंच.

मग प्रश्न राहिला, निखिलने दिवाळीत विचारलेला. चालवणार कोण? ड्रायव्हिंगचं लायसन्स मी निखिलबरोबर एकाच क्लासमध्ये काढलं होतं. तेव्हापासून ते कपाटात होतं. पेणमध्ये मी स्कूटर चालवायची, भाच्याची गाडी एकदोनदा चालवली होती. जीपचं स्टिअरिंग मात्र यांनी इतक्या वर्षांत माझ्या हाती दिलं नव्हतं. मी काही विचारलं नाही. सरळ ड्रायव्हरच्या बाजूने चढले. हे थोडे उभे राहिले, मग काठी आत टाकून शेजारी बसले. बांधावर दोनचार दिवस सराव केला. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला खार जमीन, मधून मी आणि माझ्या कानाशी हे. "क्लच. क्लच! अगो पूर्ण दाब. आता सोड. एवढ्या झटक्यात नाय!" गाडी बंद पडायची. बगळे उडायचे.

पासिंगच्या मैदानात तपासायला एक बाई होत्या, निखिलच्या वयाच्या. त्यांनी दिवे लावायला सांगितले, इंडिकेटर, ब्रेक, वायपर. मी एकेक दाबत गेले. प्रत्येक वेळी जे लागायला हवं तेच लागायचं. मग त्यांनी वाकून डॅशखाली टॉर्च मारला.

"गाडी बरीच जुनी आहे. वायरिंग मात्र नीट केलंय. कुठल्या गॅरेजमध्ये केलंत, काका?"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. हे खाली उतरून त्यांच्या शेजारी उभे होते, काठीवर रेलून.

"गॅरेज नाय," हे म्हणाले. "हिनं केलंय. शिवणाचा हात हाय हिचा. वायर सोलते तर आतली एक तार तुटत नाय. मी एवढी वर्षं कंपनीत काढली, असा जोड मारणारा माझ्या हाताखाली कोण नव्हता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही. कान तापले. गाडी पास झाली, सही झाली, मी मैदानातून बाहेर काढली.

गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी म्हटलं, "हे घरी एकदा बोलला असतात तर?"

"काय?"

"तिला सांगितलंत ते. मला का नाय सांगितलंत?"

हे खिडकीबाहेर बघत होते. डावा हात खिडकीवर, उजवा मांडीवर. "घरी सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. काम राहिलं असतं."

"मी कधी रडले?"

"मग आता काय करतेस?"

मी पदराने डोळे पुसायला एक हात सोडला, तशी गाडी डावीकडे कलली.

"पुढं बघ!" हे ओरडले. "म्हैस!"

मी ब्रेक दाबला. म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती, अंगावर वाळलेला चिखल, तोंडात पेंढा. मी हॉर्न दाबला. तो वाजला. म्हशीने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. मी पुन्हा दाबला, पुन्हा वाजला. हे म्हणाले, "नुसता हॉर्न काय मारतेस, गियर काढ आधी." मी गियर काढला. उन्हात, चालू इंजिनात, आम्ही दोघं ती बाजूला सरकण्याची वाट बघत बसून राहिलो, आणि दोघांपैकी कुणालाही घाई नव्हती.